काळे कमळ आणि कामाचे तास



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून पुष्कळांना हसू आले असेल. जादूच्या खेळातली जडीबुटी, खनिजे आणि चमत्कारिक चिजा हा काही वसंतातल्या व्याख्यानाचा विषय नव्हे, असे कोणी म्हटले तर त्यांना आम्ही दोष देणार नाही. त्यातून बोलणारा कामगार चळवळीतला. विड्या आणि यंत्रमाग सोडून याला हा पोरखेळ कुठून सुचला, असा प्रश्न चालकांनीही आम्हांला विचारला. त्यांना आम्ही जे उत्तर दिले तेच येथे देतो. जिथे एक माणूस तास घालून काम करतो आणि दुसरा त्या कामाचे पैसे मोजतो, तिथे आमचा विषय सुरू होतो. मग तो पहिला माणूस सूत काढीत असो, विडी वळीत असो, की संगणकाच्या पडद्यावरच्या रानात पडद्यावरची फुले खुडीत असो.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख करून देणे भाग आहे. असे खेळ पुष्कळ आहेत. आम्ही त्यांतला एकच मुख्य उदाहरण म्हणून घेतो. त्याचे नाव ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. ब्लिझार्ड नावाच्या अमेरिकन कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आणला. दरमहा वर्गणी भरून लोक तो खेळतात, आणि २०१० साली वर्गणीदारांची संख्या १ कोटी २० लाखांवर गेली होती. संगणकात एक काल्पनिक जग उभे केलेले आहे. त्यात डोंगर आहेत, अरण्ये आहेत, शहरे आहेत, राक्षस आहेत. खेळणारा माणूस त्या जगात एक रूप घेतो, कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक होतो, आणि देशोदेशीचे हजारो लोक एकाच वेळी त्या जगात वावरतात.

आता गंमत अशी की, या योद्ध्यांना आणि मांत्रिकांना नुसते लढून भागत नाही. त्यांना धंदाही शिकावा लागतो. मुख्य धंदे प्रत्येकाला दोनच घेता येतात. कोणी रानातल्या वनस्पती गोळा करतो, कोणी खाणीतून धातू काढतो, कोणी जनावरांची कातडी सोलतो. हे झाले कच्चा माल आणणारे. मग त्या मालाचे जिन्नस करणारे निराळे: लोहार, शिंपी, कातडीकाम करणारा, यंत्रे बनविणारा, किमयागार. आपल्या जुन्या बलुतेदारीची आठवण व्हावी अशी ही रचना आहे. खनिज वितळवून लगड करायची. तांब्याची एक लगड आणि कथलाची एक लगड मिळून काशाच्या दोन लगडी होतात. लोखंडात कोळसा घातला की पोलाद होते. मुले हे सारे तोंडपाठ म्हणून दाखवतात. ज्या मुलाला शाळेत कांसे कशाचे होते हे सांगता येत नव्हते, त्याला ते या खेळाने शिकविल्याचे आम्ही स्वतः पाहिले आहे.

याखेरीज नवलाच्या चिजा आहेत. एक बासरी अशी आहे की ती वाजविली की भोवतालचे लोक नाचू लागतात. माशाचा एक पदार्थ असा आहे की तो खाल्ला की माणसाचा कधी कधी समुद्री चाचा होतो. एक पेय प्यायले की कधी अंगाचा नुसता हाडांचा सापळा दिसतो, कधी माणूस अंगठ्याएवढा होतो, तर कधी पिसासारखा अलगद खाली उतरतो. या वस्तूंचा लढाईत उपयोग फारसा नाही. त्या जवळ बाळगायच्या, मित्रांना दाखवायच्या आणि हसायचे. हा आनंद खरा आहे. त्याची टवाळी करण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. श्रम करून थकलेल्या माणसाला खेळ हवा, हे कामगार चळवळीने नेहमीच मानले आहे. कामाचे तास कमी करा, ही मागणी करताना आपल्या पूर्वसूरींच्या डोळ्यांपुढे विश्रांती आणि विरंगुळाच होता.

पण आता एका वस्तूचा हिशेब मांडून पाहू. मूळ खेळात ‘सल्फ्युरॉन हॅमर’ नावाचा एक प्रचंड घण होता. तो घडवायला जे साहित्य लागे त्यात ‘आर्केनाइट’ नावाच्या जादूच्या धातूच्या ५० लगडी होत्या. ही लगड खाणीत मिळत नसे. थोरियम धातूची एक लगड आणि एक दुर्मिळ स्फटिक घेऊन किमयागाराने तिचे रूपांतर करायचे, आणि असे रूपांतर एका किमयागाराला दोन दिवसांतून एकदाच करता येई. म्हणजे एकट्या किमयागाराने ५० लगडी करायच्या म्हटल्या तर शंभरएक दिवस लागणार. शिवाय तितके स्फटिक खाणीतून मिळण्यासाठी किती दगड फोडावे लागतील तो हिशेब वेगळाच. तेव्हा माणूस काय करणार? तो दुसऱ्यांनी केलेल्या लगडी विकत घेणार. दुसऱ्यांचे दिवस विकत घेणार, असे म्हटले तरी चालेल.

काळ्या कमळाची गोष्टही तशीच. ‘ब्लॅक लोटस’ नावाचे हे फूल मोजक्याच प्रदेशांत उगवे, आणि कोणी खुडले की पुन्हा उगवायला बराच वेळ लागे. किमयागाराला एक विशिष्ट शक्तिवर्धक काढा करायचा झाला तर ‘ड्रीमफॉइल’ नावाच्या वनस्पतीच्या ३० जुड्या, डोंगरावरच्या आणखी एका वनस्पतीच्या १० आणि एक काळे कमळ इतके लागे. तो काढा प्यायला की दोन तास अंगात शक्ती राही, आणि मध्यंतरी माणूस मेला तरी त्याचा अंमल उतरत नसे! मोठ्या मोहिमेवर चाळीस चाळीस खेळाडू एकत्र जात. एकेका संध्याकाळी किती कमळे लागत असतील, हे आपणच गुणून पाहा.

आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींनी गुलबकावलीची गोष्ट ऐकली असेल. राजाचा मुलगा त्या फुलासाठी संकटांमागून संकटे सोसतो आणि शेवटी ते स्वतः घेऊन येतो. फुलाचे मोल त्या प्रवासात असते. या खेळातही आरंभी तेच योजलेले आहे. पण एकदा बाजार भरला की गोष्ट बदलते. फूल खुडणारा एक, आणि ते मिरविणारा दुसरा.

हा बाजारही त्या जगात बांधून दिलेला आहे. शहरात लिलावघर असते. तिथे आपला माल मांडायचा. विकला गेला तर लिलावघर शेकडा ५ कापून घेते. आणि दोन्ही पक्षांना खुल्या असलेल्या आडगावच्या लिलावघरात हीच कापणी मूळ खेळात शेकडा १५ होती. आपल्या मार्केट यार्डातल्या अडतीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. फरक एवढाच की, ही अडत कोणाच्या खिशात जात नाही. चलन फार वाढून महागाई होऊ नये म्हणून ती नाहीशी केली जाते. तांब्याची १०० नाणी म्हणजे चांदीचे एक, चांदीची १०० म्हणजे सोन्याचे एक, असे तिथले चलन आहे.

आता मुद्द्याचा प्रश्न. संगणकात एका फुलाची दहा लक्ष फुले करायला कंपनीला काय खर्च येतो? काहीच नाही. एक आकडा बदलला की काम झाले. मग हे फूल महाग का? ते मुद्दाम दुर्मिळ ठेवले आहे म्हणून, आणि ते शोधायला माणसाला तास खर्च करावे लागतात म्हणून. फूल खोटे आहे, रान खोटे आहे, पण त्या रानात हिंडलेला तास खरा आहे. त्याची नक्कल कंपनीलाही करता येत नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे पण वेळ नाही, तो त्या तासाची किंमत द्यायला तयार होतो. आणि ज्याच्याजवळ वेळ आहे पण पैसा नाही, तो तो तास विकायला तयार होतो. गिरणीच्या दरवाजापाशी जे घडत आले तेच इथे घडले.

ही गोष्ट अर्थशास्त्र्यांच्या ध्यानात लवकर आली. ‘एव्हरक्वेस्ट’ हा याच जातीचा खेळ १९९९ साली सुरू झाला. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली त्यातल्या काल्पनिक देशाचा अभ्यास केला. खेळातल्या वस्तू खऱ्या बाजारात काय भावाने विकल्या जातात हे पाहून त्याने हिशेब केला, तेव्हा खेळणारा माणूस तासाला सुमारे ३ डॉलर ४२ सेंट किमतीचे उत्पादन करतो असे निघाले. त्या नसलेल्या देशाचे दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान भरले. लोकांनी हे नवल म्हणून वाचले. आमच्यासारख्याच्या मनात मात्र दुसरा प्रश्न आला. उत्पादन आहे, तर मजूर कोण? आणि मजुरी किती?

त्याचे उत्तर २००७ साली मिळाले. ज्युलियन डिबेल या अमेरिकन पत्रकाराने चीनमधल्या नानजिंग शहरी जाऊन तिथला एक कारखाना पाहिला आणि जून महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या साप्ताहिक पुरवणीत त्याचे वर्णन दिले. कारखाना म्हणजे काय, तर संगणकांच्या रांगा. तरुण मुले रात्रपाळीला येऊन बारा बारा तास तोच ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळत. खेळत कसली, राबत! एकाच जागी तेच राक्षस मारायचे आणि मिळालेली नाणी गोळा करून मालकाच्या हवाली करायची. आठवड्याच्या सातही रात्री काम, महिन्यातून दोन-तीन रात्री सुटी. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १० जून १८९० रोजी रविवारची हक्काची सुट्टी मिळाली. त्यानंतर ११७ वर्षांनी, जगातल्या सर्वांत नव्या धंद्यात, ही मुले महिन्याला दोन-तीन सुट्यांवर होती.

मजुरी नगावर. सोन्याच्या १०० नाण्यांमागे कामगाराला १० युआन, म्हणजे तेव्हाचे सव्वा डॉलर मिळत. तासाला सरासरी ३० सेंट पडत. मालक ती १०० नाणी व्यापाऱ्याला ३ डॉलर किंवा थोड्या अधिक भावाने विकी. व्यापारी अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या खेळाडूकडून त्यांचेच २० डॉलरपर्यंत घेई. सव्वा आणि वीस, हे प्रमाण करून पाहा. गिऱ्हाइकाने दिलेल्या रुपयातला बरोबर एक आणा कामगाराच्या हाती पडला. मालकाला जागेचे भाडे होते, वीज होती, यंत्रे होती, हे आम्ही विसरत नाही. पण पंधरा आणे वाटेत राहिले, हेही विसरता येत नाही.

विडी कामगारांना हा हिशेब कळायला वेळ लागणार नाही. त्यांचा दर हजारी, याचा शेकडी. त्यांच्या मालातून छाट निघते, इथे तर एका झटक्यात सगळाच माल छाट होतो. कारण नाणी विकणे हे कंपनीच्या नियमांविरुद्ध आहे. पकडले की खातेच बंद. २००६ सालच्या मे महिन्यात ब्लिझार्डने अशी ३०,००० खाती बंद केली आणि ३ कोटींहून अधिक सुवर्णनाणी बाद केली. ज्याच्या हातून ती नाणी जमली होती त्याचे तास कोणी भरून दिले?

ही मूठभर माणसांची गोष्ट आहे असेही नाही. मँचेस्टर विद्यापीठाचे रिचर्ड हीक्स यांनी २००८ साली जो अंदाज बांधला, त्याप्रमाणे या कामात सुमारे ४ लाख माणसे होती आणि त्यांतली बहुतेक चीनमध्ये होती. २०११ साली लंडनच्या ‘गार्डियन’ पत्राने चीनमधल्या एका श्रमछावणीत राहून आलेल्या कैद्याची हकीकत छापली. दिवसा अंगमेहनत आणि रात्री हाच खेळ, ठरलेला आकडा भरला नाही तर मार, असे त्याने सांगितले. ती वाचल्यावर ‘खेळ’ या शब्दाचा अर्थ काय उरतो, हे आपणच ठरवा.

दुसरी हकीकत व्हेनेझुएलाची. २०१७ च्या सुमारास त्या देशाचे चलन कोसळले, आणि तिथले कित्येक तरुण ‘रूनस्केप’ नावाच्या ब्रिटिश खेळात हिरवे ड्रॅगन मारू लागले. त्या अजस्र सर्पांची हाडे आणि कातडी हा खेळातला कच्चा माल. तो विकून जमलेले खेळातले चलन पुढे डॉलरला विकायचे आणि घरी धान्य आणायचे. यांच्यावर मुकादम नव्हता. पण भाव त्यांच्या हातात नव्हता. आणि दुसरे काही खेळाडू त्यांना हेरून ठार करण्यात मौज मानू लागले. ती कशी करावी याच्या सूचनाही लिहिल्या गेल्या. पडद्यावर मेलेला माणूस पुन्हा उठतो हे खरे. पण त्याची त्या दिवसाची रोजी उठत नाही.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे एकांगी होईल. साध्या खेळाडूचीही तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. तो दिवसभर नोकरी करून रात्री तासभर खेळायला बसतो, तर रानातली सगळी फुले आधीच कोणी खुडून नेलेली असतात. बाहेरून आलेल्या नाण्यांनी भाव चढतात. ज्याने सहा महिने खपून तलवार मिळविली त्याच्या शेजारी पैसे टाकून घेतलेली तीच तलवार कोणी मिरवतो. त्याला राग येणारच. आमचे म्हणणे एवढेच की, त्या रागाचा रोख चुकतो. फुले खुडणाऱ्या मुलाला शिव्या मिळतात; विकणारा व्यापारी आणि विकत घेणारा शेजारी मोकळे राहतात. मागणी शेजाऱ्याने निर्माण केली आहे.

आणि कंपन्यांचे काय? नाणी विकणे वाईट, असे ब्लिझार्डने वर्षानुवर्षे सांगितले. एप्रिल २०१५ मध्ये तिने स्वतःच एक टोकन काढले. अमेरिकेत त्याची किंमत २० डॉलर. एका खेळाडूने ते रोख पैशाने घ्यायचे आणि लिलावघरात सुवर्णनाण्यांना विकायचे. दुसऱ्याने नाणी देऊन ते घ्यायचे आणि आपली महिन्याची वर्गणी भागवायची. चोरट्या व्यापाराला यामुळे आळा बसावा हा हेतू होता, आणि त्यात तथ्यही आहे. पण वेळ आणि पैसा यांची अदलाबदल ही मुळात वाईट होती, की कंपनीच्या दुकानाबाहेर झाली म्हणून वाईट होती, हा प्रश्न त्याने उघडा पाडला.

याच कंपनीच्या दुसऱ्या खेळाचा अनुभव फार बोलका आहे. ‘डायब्लो’ या खेळाच्या तिसऱ्या भागात २०१२ साली खऱ्या पैशांचे लिलावघर उघडले होते. तलवारी, चिलखते, नवलाच्या चिजा रोख विकायच्या आणि कंपनीने आपला वाटा घ्यायचा. १८ मार्च २०१४ रोजी ते बंद करण्यात आले. राक्षस मारून त्याच्या खजिन्यातून काय निघते ते पाहणे हा त्या खेळाचा गाभा. बाजारामुळे त्या गाभ्यालाच धक्का लागला, असे कंपनीने स्वतःच मान्य केले. बाजाराने मजुरी दिली नाही आणि खेळही ठेवला नाही, असा हा दुहेरी तोटा.

मग यावर उपाय काय? कोरी डॉक्टरो या लेखकाने २०१० साली ‘फॉर द विन’ नावाची कादंबरी लिहिली. तिच्यात चीनमधली नाणी गोळा करणारी मुले आणि आपल्या मुंबईतल्या धारावीतली मुले देशांच्या सीमा ओलांडून एक संघटना बांधतात. ती कादंबरी आहे, हकीकत नव्हे. पण धारावीची मुलगी या लढ्याच्या अग्रभागी असावी असे दूरच्या एका लेखकाला सुचले, हे आम्हांला सुचिन्ह वाटते.

हकीकत याच्या निम्म्यापर्यंत येऊन पोचली आहे. हे काल्पनिक जग तयार करणारेही कामगारच असतात. कोणी चित्रे काढतो, कोणी कथा रचतो, आणि कोणी तोच दरवाजा शंभर वेळा उघडून बंद करून कुठे चूक राहिली ती शोधतो. या शेवटच्या कामाला परीक्षण म्हणतात, आणि त्याची मजुरी बहुधा सर्वांत कमी. अमेरिकेत रेव्हन सॉफ्टवेअर या कंपनीतल्या परीक्षकांनी मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन केली. आणि जुलै २०२४ मध्ये खुद्द ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ तयार करणाऱ्या ५०० हून अधिक कामगारांनी युनियन स्थापन केली. ज्यांनी ते काळे कमळ रेखाटले, ते कुठे उगवायचे ठरविले, ते संघटित झाले. ते खुडणारा मात्र त्या दाराबाहेरच आहे. कारण कायद्याच्या लेखी तो कामगार नव्हे, नियम मोडणारा गिऱ्हाईक आहे!

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली सरकारला आणि आमच्याच चळवळीला. कामगार कोण, हे तो काय बनवितो यावरून ठरवू नका. कोणाच्या तरी फायद्यासाठी ठरलेले तास राबतो, तो कामगार. त्याला पाळीची मर्यादा हवी, आठवड्याची सुट्टी हवी, आणि नगाच्या मजुरीलाही किमान दराचा आधार हवा. दुसरी सूचना आपल्या तरुणांना. खेळ तयार करण्याचे आणि तपासण्याचे काम पुण्यात गेली कित्येक वर्षे चालू आहे. आपल्या गावची मुलेही त्यात शिरतील. आवडीचे काम आहे म्हणून तासांचा हिशेब सोडू नका. आवड ही मजुरीची वजावट नव्हे.

तिसरी सूचना घरोघरच्या आईवडिलांना. मुलगा खेळतो म्हणून त्याच्यावर केवळ ओरडू नका. एखादे दिवशी त्याच्याजवळ बसा. ती लगड कशी केली, ते फूल कुठे मिळाले, त्याला किती वेळ लागला, हे विचारा. स्वतः शोधून आणले असेल तर शाबासकी द्या. त्याने चिकाटी शिकली आहे. आणि विकत घेतले असेल, तर एवढेच विचारा: हे खुडले कोणी, आणि त्याला काय मिळाले? हा प्रश्न ज्या मुलाला विचारायची सवय लागेल, तो उद्या अंगावरच्या सदऱ्याबद्दलही तो विचारील, पानातल्या साखरेबद्दलही विचारील. आमच्या चळवळीला त्याहून अधिक काही नको.